प्रतिपक्षाच्या टाळ्या

कीर्ति आणि लोकप्रीति या दोन गोष्टी सामान्यतः एकच मानल्या जातात. परंतु इतिहासाच्या कसोटीला लावून पाहिल्या म्हणजे त्यांतील भेद तेव्हांच लक्षांत येतो. कीर्ति पराक्रमानें मिळते, आणि ती शत्रूलाहि नाकारतां येत नाहीं. लोकप्रीति ही लोकांनीं आपण होऊन दिलेली देणगी होय. ती मागून मिळत नाहीं, आणि केवळ सामने जिंकूनहि मिळत नाहीं. खेळाच्या क्षेत्रांत हा भेद विशेषच स्पष्ट दिसतो. आपल्या संघाच्या खेळाडूला डोक्यावर घेणारे लोक प्रत्येक गांवीं असतात. प्रतिपक्षाच्या श्रेष्ठ खेळाडूची योग्यता मनांतल्या मनांत ओळखावयाची आणि उघडपणें मात्र त्याच्यावर शिट्ट्यांचा भडिमार करावयाचा, हाच फुटबॉलच्या प्रेक्षकांचा जगभरचा रिवाज आहे. स्पेन देशांत तर फुटबॉलच्या वैराला प्रांताप्रांतांतील जुन्या वैराची जोड मिळालेली आहे. तेथें हा रिवाज ज्याच्यासाठीं मोडला गेला असा खेळाडू विरळाच. आंद्रेस इनिएस्ता हा त्या विरळांपैकीं एक. तो आघाडीवर राहून गोलांची रास घालणारा वीर नव्हता. मधल्या फळींत राहून दुसऱ्यासाठीं वाट मोकळी करून देणें हें त्याचें काम. अशा खेळाडूवर त्याच्या देशानें, इतकेंच नव्हे तर त्याच्या प्रतिपक्षानेंहि, एवढें प्रेम कां करावें, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

माद्रिदच्या आग्नेय दिशेस, सर्व्हांतीसच्या डॉन क्विक्झोटमुळें साऱ्या जगाच्या परिचयाचा झालेला ला मांचाचा रुक्ष प्रदेश पसरलेला आहे. त्याच बाजूच्या आल्बासेते प्रांतांत फुएंतेआल्बिया नांवाचें सुमारें दोन हजार वस्तीचें एक खेडें आहे. ११ मे १९८४ रोजीं इनिएस्ताचा जन्म झाला तो या खेड्यांतील एका कष्टाळू कुटुंबांत. वडील गवंडीकाम करीत. आजोबांचें गांवांत एक लहानसें उपाहारगृह होतें आणि त्यावर घरच्या माणसांचा राबता असे. मुलाला चेंडूचें वेड लहानपणींच लागलें आणि आल्बासेते शहरांतील क्लबाच्या बालसंघांत त्याची निवड झाली. १९९६ सालीं माद्रिदजवळच्या ब्रुनेते येथें लहान मुलांची एक मोठी स्पर्धा भरली. मोठमोठ्या क्लबांचे पारखी अशा स्पर्धांवर बारीक नजर ठेवून असतात. त्यांच्या दृष्टीस हा किडकिडीत, फिकट चेहऱ्याचा मुलगा पडला, आणि थोड्याच दिवसांत बार्सिलोना क्लबाकडून बोलावणें आलें.

बार्सिलोनाच्या प्रचंड क्रीडांगणाला लागूनच १७०२ सालीं बांधलेलें दगडी शेतघर आहे. ला मासिया हें त्याचें नांव. परगांवाहून आलेल्या होतकरू मुलांच्या निवासासाठीं क्लबानें १९७९ सालीं तें उघडलें, आणि पुढें तीस वर्षांहून अधिक काळ तें त्या कामीं आलें. बारा वर्षांचा इनिएस्ता आपल्या गांवापासून जवळजवळ ५०० किलोमीटरांचा प्रवास करून या घरीं आला. आपल्या आयुष्यांतील तो सर्वांत वाईट दिवस होता, असें त्यानें पुढें म्हटलें आहे. आईबाप त्याला तेथें ठेवून जवळच्या एका हॉटेलांत उतरले. रात्रीं वडिलांचा धीर सुटला. मुलाला घेऊन परत जावें असें त्यांच्या मनानें घेतलें. आईलाहि दुःख कमी नव्हतें; परंतु आलेली संधि मुलाला घेऊं द्यावी, तेवढा अवकाश त्याला मिळालाच पाहिजे, असें तिनें बजावलें. दुसऱ्या दिवशीं तीं दोघें एकटींच गांवीं परतलीं. पुढें कित्येक महिने मुलगा रात्रीं रडत असे. ज्या माणसाच्या पायांनीं पुढें साऱ्या देशाला आनंद दिला, त्याच्या चरित्राचा आरंभ असा अश्रूंनीं झाला आहे.

त्या घरांत मुलांना काय शिकवीत, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण इनिएस्ताची घडण तेथलीच. योहान क्रायफ हा थोर डच खेळाडू १९८८ ते १९९६ या काळांत बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता. त्यानें त्या क्लबाला एक निश्चित पद्धति लावून दिली. चेंडू आपल्याकडे असेल तर प्रतिपक्षाला गोल करतां येणार नाहीं. आणि माणूस कितीहि वेगानें धांवला तरी चेंडूच्या वेगाची बरोबरी करूं शकत नाहीं. सबब, चेंडूला धांवूं द्यावें आणि माणसानें योग्य जागीं उभें राहावें, हें त्या पद्धतीचें सार. यासाठीं रोजचा अभ्यासहि ठरलेला असे. मुलें वर्तुळ करून उभीं राहत. एकदोघे मध्यें असत. बाहेरच्यांनीं एकाच स्पर्शांत चेंडू एकमेकांकडे फिरवीत ठेवावयाचा, मधल्यांनीं तो अडवावयाचा. ज्याच्या चुकीनें चेंडू अडेल त्यानें मध्यें यावयाचें. खेळ दिसावयास पोरकट. परंतु चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच चहूंकडे पाहून घेण्याची, पुढचा विचार आधींच करून ठेवण्याची संवय त्यानें हाडींमाशीं खिळते. या शाळेंत उंचीला आणि दणकट बांध्याला पहिला मान नव्हता. इनिएस्ताची उंची पुढें मोठेपणींहि पांच फूट सात इंचांच्या वर गेली नाहीं. दुसऱ्या एखाद्या ठिकाणीं त्याला बहुधा पहिल्याच दिवशीं परत पाठविलें असतें.

त्याच्या खेळांतील एक युक्ति तर त्याच्या नांवाशींच जोडली गेली. प्रतिपक्षाचा खेळाडू अंगावर आला कीं, चेंडू उजव्या पावलाच्या आंतल्या बाजूनें डाव्या पावलाकडे सरकवावयाचा, आणि लगेच डाव्यानें पुढें काढून दोघांच्या मधल्या फटींतून निसटून जावयाचें. डेन्मार्कचा मायकेल लाउड्रुप हा या युक्तीचा जुना आचार्य. लहानपणीं इनिएस्ता त्याचा भक्त होता. तींत बळ नाहीं, फारशी गति नाहीं; केवळ काळाचा नेमका अंदाज आहे. गायनाच्या मैफलींत चांगला तबलजी समेच्या अगदीं अलीकडे हात रोखतो आणि ऐकणाराचा श्वास क्षणभर अडकतो, तशीच कांहींशी ही कला होय.

१९९९ सालीं पंधरा वर्षांखालील मुलांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत बार्सिलोनाचा बालसंघ विजयी झाला. इनिएस्ता त्या संघाचा नायक होता. पारितोषिक त्याच्या हातीं देणारा गृहस्थ म्हणजे क्लबाच्या मुख्य संघाचा त्या वेळचा नायक पेप ग्वार्दिओला. पुढें नऊ वर्षांनीं हाच ग्वार्दिओला प्रशिक्षक होऊन आला आणि त्यानें या मुलाभोंवतीं आपला संघ रचला. तथापि मधला काळ सोपा नव्हता. २९ ऑक्टोबर २००२ रोजीं बेल्जममधील क्लब ब्रूझ या संघाविरुद्ध इनिएस्ता मुख्य संघांतून प्रथम खेळला. पण पुढें कित्येक वर्षें त्याचें स्थान राखीव खेळाडूचेंच राहिलें. कधीं या जागीं, कधीं त्या जागीं, बहुधा अर्धा सामना संपल्यावर, असें त्याला खेळवीत. १७ मे २००६ रोजीं पॅरिस येथें बार्सिलोनानें आर्सेनलला २–१ असें हरवून युरोपचें क्लब-अजिंक्यपद मिळविलें, त्या दिवशींहि तो आरंभीं बांकावर बसून होता. मध्यंतरानंतर आंत आला. या सर्व काळांत त्यानें जाहीर कुरकुर केल्याचें कोणाला आठवत नाहीं.

येथें स्पेनच्या राजकीय इतिहासाकडे किंचित् वळलें पाहिजे. बार्सिलोना ही कातालुन्या प्रांताची राजधानी. त्या प्रांताची भाषा निराळी, आठवणी निराळ्या. जनरल फ्रँकोच्या राजवटींत १९३९ ते १९७५ पर्यंत काताल भाषेची सार्वजनिक व्यवहारांत गळचेपी झाली आणि त्या काळांत बार्सिलोना क्लबाचें मैदान हें प्रांताभिमानाचें एक आश्रयस्थान बनलें. उलट, रेआल माद्रिद हा क्लब म्हणजे मध्यवर्ती सत्तेचें प्रतीक, अशी समजूत कातालुन्यांत रूढ झाली. त्यामुळें या दोन संघांचा सामना हा कधींच केवळ सामना राहिला नाहीं. इनिएस्ता जन्मानें कास्तीयाकडचा, मातृभाषा स्पॅनिश. आणि कर्मभूमि मात्र कातालुन्या. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो असें आपल्याकडे म्हणतात. याच्या बाबतींत उलट झालें. दोन्ही घरांनीं त्याला आपलाच मानलें.

२००९ हें वर्ष त्याच्या आयुष्यांत फार विलक्षण ठरलें. ६ मे रोजीं लंडनमध्यें चेल्सीविरुद्ध युरोपीय स्पर्धेचा उपान्त्य सामना होता. पहिला सामना ०–० असा सुटला होता. चेल्सीनें नवव्या मिनिटालाच गोल केला. बार्सिलोनाचा एक खेळाडू बाहेर काढला गेला. आणि पंचांच्या निर्णयांवरून चेल्सीचे लोक आधींच संतप्त झालेले होते. नव्वद मिनिटें संपून तीन मिनिटें वर झालीं असतां मेस्सीकडून आलेला चेंडू इनिएस्तानें उजव्या पायानें वरच्या कोपऱ्यांत मारला. सामना १–१ झाला आणि परक्या मैदानावरील गोलाचें मोल अधिक धरण्याच्या त्या वेळच्या नियमानें बार्सिलोना अंतिम सामन्यास गेलें. २७ मे रोजीं रोम येथें मँचेस्टर युनायटेडवर २–० असा विजय मिळाला. या सामन्यांत मांडीचा स्नायु दुखावलेला असतांहि इनिएस्ता खेळला. गोलावर जोराचा फटका मारूं नये अशी त्याला वैद्यांची ताकीद होती. त्या ऋतूंत क्लबानें स्पेनचें अजिंक्यपद, राजाचा चषक आणि युरोपचें अजिंक्यपद अशीं तिन्ही पदें एकाच वर्षीं मिळविलीं. वयाच्या पंचविसाव्या वर्षीं खेळाडूला याहून अधिक काय हवें?

परंतु नेमका येथूनच त्याच्या मनाचा अंधार सुरू झाला. दुखापत बरी होईना. एक दुखणें जातें तोंच दुसरें उद्भवे. शरीराच्या दुखण्यानें मन खचलें, आणि मन खचल्यानें शरीर सांवरेना. अशांत ८ ऑगस्ट २००९ रोजीं इटलींत फ्लॉरेन्सजवळ दानी हार्के हा खेळाडू हृदयविकारानें एकाएकीं मरण पावला. त्याचें वय अवघें २६. तो एस्पान्योल क्लबाचा नायक होता, आणि एस्पान्योल म्हणजे बार्सिलोना शहरांतीलच दुसरा क्लब, शेजारचा आणि म्हणूनच हाडवैरी. पण हार्के आणि इनिएस्ता हे स्पेनच्या युवक-संघांतून बरोबर खेळलेले जिवलग मित्र होते. त्या वार्तेनें इनिएस्ताच्या पायांखालची जमीनच सरकली. आपण जणूं खोल खाईंत कोसळत होतों, असें त्यानें या दिवसांचें वर्णन पुढें केलें आहे. मैदानावर सराव चालू असतांना तो मध्येंच थांबे आणि निघून जाई; ग्वार्दिओलानें त्याला तशी मोकळीक दिली होती. त्यानें मानसोपचार घेतले आणि पुढें ही गोष्ट लपविली नाहीं, उघडपणें सांगितली. मर्दानी खेळांतील माणसानें मनाचें दुखणें बोलून दाखवूं नये, असा जो जगाचा संकेत आहे त्याच्याविरुद्ध हें वर्तन होतें. आज त्याच्या गोलांइतकेंच याहि धैर्याचें स्मरण केलें जातें, आणि तें योग्यच आहे.

पुढच्या वर्षीं दक्षिण आफ्रिकेंत विश्वचषकाची स्पर्धा झाली. इनिएस्ताची दुखापत नुकती कोठें भरून आली होती. पहिल्याच सामन्यांत स्वित्झर्लंडनें स्पेनला १–० असें हरविलें आणि त्याच सामन्यांत तो पुन्हां जायबंदी झाला. त्याला दुसरा सामना खेळतां आला नाहीं. तिसऱ्यांत, चिलीविरुद्ध, तो परतला आणि त्यानें गोलहि केला. तेथून स्पेन एकेक पायरी चढत अंतिम सामन्यास पोंचलें.

या वेळीं स्पेनमध्यें काय स्थिति होती? आर्थिक मंदीनें देश गांजला होता. काम करूं पाहणाऱ्या दर पांच माणसांपैकीं एक बेकार होता. घटना-न्यायालयानें काताल स्वायत्ततेच्या कायद्यांतील कांहीं कलमें नुकतींच रद्द ठरविलीं होतीं, आणि त्याच्या निषेधार्थ १० जुलै २०१० रोजीं बार्सिलोनाच्या रस्त्यांवर लाखों लोकांचा मोर्चा निघाला. दुसऱ्याच दिवशीं, ११ जुलै रोजीं, जोहान्सबर्ग येथें स्पेन व नेदरलंड यांचा अंतिम सामना होता. स्पेनच्या अकरा खेळाडूंपैकीं सहा बार्सिलोना क्लबाचे होते; संघाचा नायक इकेर कासीयास मात्र रेआल माद्रिदचा. आदल्या दिवशीं जी दुफळी रस्त्यावर दिसली होती, तिच्या दोन्ही बाजूंचे लोक आज एकाच पोशाखांत उभे होते.

नव्वद मिनिटें गोलाविना गेलीं. जादा वेळहि संपत आला. ११६ व्या मिनिटाला सेस्क फाब्रेगासनें दिलेला चेंडू इनिएस्ताच्या उजव्या बाजूस आला. तो एकदां जमिनीवरून उसळूं देऊन त्यानें मारला आणि डच गोलरक्षकाला चुकवून तो जाळ्यांत गेला. स्पेन प्रथमच जगज्जेतें झालें. इनिएस्तानें आनंदाच्या भरांत अंगांतील सदरा काढला. आंत पांढरें बनियन होतें आणि त्यावर हातानें लिहिलेलीं अक्षरें होतीं : ‘दानी हार्के, सदैव आमच्यासवें.’ नियमाप्रमाणें सदरा काढल्याबद्दल पंचांनीं त्याला पिवळें कार्ड दाखविलें. इतिहासांत याहून मोलाचा दंड फार थोड्यांनीं भरला असेल.

आतां या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. साऱ्या जगाची दृष्टि ज्यावर खिळली होती अशा त्या क्षणीं त्या माणसानें आपलें नांव पुढें केलें नाहीं. आपल्या शहरांतील प्रतिपक्षाच्या मृत नायकाचें नांव पुढें केलें. वर्षाच्या अखेरीस, १८ डिसेंबर २०१० रोजीं, बार्सिलोनाचा संघ एस्पान्योलच्या मैदानावर खेळावयास गेला. या मैदानाचें एक द्वार हार्केच्या स्मृतीला वाहिलेलें आहे. सदऱ्यावरील त्याचा आंकडा २१ होता म्हणून प्रत्येक सामन्याच्या एकविसाव्या मिनिटाला तेथील प्रेक्षक टाळ्या वाजवितात. त्या दिवशीं बार्सिलोनानें यजमानांचा ५–१ असा दणदणीत पराभव केला. एरवीं अशा दिवशीं पाहुण्या संघाच्या वांट्याला काय येतें, तें सांगावयास नको. पण इनिएस्ता मैदान सोडून जाऊं लागला तेव्हां एस्पान्योलचे लोक उभे राहिले आणि त्यांनीं टाळ्या वाजविल्या. पराभूत घराच्या उंबरठ्यावर विजयी शेजाऱ्याचा असा सत्कार क्वचितच झाला असेल.

येथें एक आक्षेप येईल. लोकांनीं प्रेम केलें तें त्या माणसावर, कीं त्या एका गोलावर? देशाला जगज्जेतेपद मिळवून देणाऱ्या कोणाहि खेळाडूला असाच मान मिळाला नसता काय? आक्षेपांत तथ्य आहे. त्या गोलानंतर स्पेनच्या अनेक मैदानांवर पाहुणा असतांहि त्याचें टाळ्यांनीं स्वागत होऊं लागलें, हें खरें. परंतु गोल हें पुरेसें कारण असतें तर सर्वत्र सारखेंच घडलें असतें. आणि तसें घडलें नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत बास्कांच्या बिल्बाओ शहरीं आमोरेबिएता या स्थानिक खेळाडूला इनिएस्ताला पाडल्याबद्दल पंचांनीं बाहेर काढलें. पाहुण्यानें पडण्याचें सोंग वाढवून केलें, असा तेथील प्रेक्षकांचा ग्रह झाला, आणि पुढें कित्येक वर्षें त्या मैदानावर त्याला शिट्ट्याच ऐकाव्या लागल्या. म्हणजे विश्वचषकाचा गोल ही कांहीं अभयपत्रिका नव्हती. जेथें त्याच्या सचोटीविषयीं शंका आली तेथें प्रेम आटलें. जेथें ती शंका नव्हती तेथें तें टिकलें. यावरून लोक त्याच्यांत काय पाहत होते, हें उघड होतें. बार्सिलोनासाठीं तो ६७४ सामने खेळला आणि त्यांत एकदांहि त्याला मैदानाबाहेर काढण्याची पाळी पंचांवर आली नाहीं, ही गोष्ट त्या विश्वासाला पोषकच होती.

दुसराहि एक पुरावा आहे. २१ नोव्हेंबर २०१५ रोजीं माद्रिदच्या बेर्नाबेऊ क्रीडांगणावर बार्सिलोनानें रेआल माद्रिदला ४–० असें धूळ चारली. चारांपैकीं एक गोल इनिएस्ताचा होता. तो बाहेर जाऊं लागतांच माद्रिदच्या प्रेक्षकांतून टाळ्या उठल्या. त्या मैदानावर बार्सिलोनाच्या खेळाडूला असा मान पूर्वी मिळाला होता तो १९८३ सालीं मॅराडोनाला आणि २००५ सालीं रोनाल्डिन्योला. ते दोघेहि चमत्कार करून दाखविणारे जादूगार होते. इनिएस्ताचा खेळ दिपवून टाकणारा नव्हता. तिघांच्या पंक्तींत त्याला मिळालेलें पान म्हणूनच अधिक अर्थपूर्ण आहे.

वैयक्तिक पारितोषिकांच्या बाबतींत मात्र दैवानें थोडा हात आंखडता घेतला. २०१० सालच्या जगांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या निवडींत मेस्सी पहिला आला, इनिएस्ता दुसरा, शावी तिसरा. तिघेहि ला मासियाचे विद्यार्थी. एका शेतघराला याहून मोठा मान कोणता? २०१२ सालीं स्पेननें इटलीला ४–० असें हरवून पुन्हां युरोपचें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून इनिएस्ताचीच निवड झाली. परंतु सोन्याचा चेंडू त्याच्या हातीं कधीं आला नाहीं. त्या पारितोषिकाचें मूळ जनक जें ‘फ्रान्स फुटबॉल’ नियतकालिक, त्यानें २०१८ सालीं संपादकीय लिहून याबद्दल त्याची जाहीर क्षमा मागितली. पारितोषिक देणाऱ्यानें तें न दिल्याबद्दल क्षमा मागावी, हाहि एक गौरवच होय.

त्याच्या वागणुकींतील एक गोष्ट फारशी गाजली नाहीं, परंतु ती नोंदण्यासारखी आहे. ज्या आल्बासेते क्लबांत तो लहानपणीं खेळला, तो पुढें कर्जांत बुडाला. खेळाडूंचें वेतन थकलें आणि तें न दिल्यास क्लबाला खालच्या श्रेणींत ढकललें जाण्याची वेळ आली. तेव्हां, २०१३ सालीं, इनिएस्तानें स्वतःचे पैसे देऊन तो प्रसंग निभावून नेला. गांव सोडून मोठा झालेला मुलगा गांवाला विसरला नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. पण खेड्यापाड्यांतील माणसें अशाच गोष्टी मनांत ठेवतात.

२०१५ सालीं तो बार्सिलोनाचा नायक झाला. त्या क्लबाबरोबर त्यानें एकंदर ३२ पदें जिंकलीं. त्यांत स्पेनचें अजिंक्यपद ९ वेळां आणि युरोपचें ४ वेळां. २१ एप्रिल २०१८ रोजीं माद्रिद येथें राजाच्या चषकाचा अंतिम सामना झाला. सेविया संघावर बार्सिलोनानें ५–० असा विजय मिळविला. इनिएस्तानें एक गोल केला, आणि तो बाहेर गेला तेव्हां हरलेल्या सेवियाचे लोकहि टाळ्यांत सामील झाले. पुढें थोड्याच दिवसांनीं, क्लबाला आपल्याकडून जें सर्वोत्तम मिळावयास हवें तें आतां आपण देऊं शकणार नाहीं म्हणून आपण जात आहों, असें त्यानें साश्रु नयनांनीं जाहीर केलें. पद टिकविण्याची धडपड जगांत सर्वत्र दिसते. तें वेळेवर सोडण्याची बुद्धि थोड्यांनाच होते. २० मे रोजीं शेवटचा सामना झाला. दिवे मालवले, लोक घरोघर गेले. आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर त्या रिकाम्या मैदानाच्या मधोमध तो अनवाणी, एकटाच बसून राहिला. बावीस वर्षांपूर्वी याच मैदानाशेजारच्या घरांत तो परत जाण्यासाठीं रडला होता. आतां त्याला तेथून पाय काढवत नव्हता.

त्याच वर्षीं रशियांत स्पेनचा पराभव झाल्यावर, १३१ सामन्यांनंतर, त्यानें राष्ट्रीय संघाचाहि निरोप घेतला. नंतर पांच वर्षें तो जपानमधील कोबे शहराच्या व्हिस्सेल संघांत खेळला. १ जानेवारी २०२० रोजीं तोक्योच्या नव्या राष्ट्रीय क्रीडांगणावर त्या संघानें सम्राटाचा चषक जिंकला. क्लबाच्या इतिहासांतील तें पहिलेंच मोठें पद होतें. २०२३ च्या जुलैंत कोबेचा निरोप घेऊन तो एक वर्ष अरबी अमिरातींत खेळला, आणि ८ ऑक्टोबर २०२४ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, बार्सिलोना येथें त्यानें निवृत्ति जाहीर केली. दिवसहि त्यानें निवडला तो आठ तारखेचा. कारण त्याच्या सदऱ्यावरील आंकडा आठ होता.

या चरित्राचा हिशेब मांडतांना एक गोष्ट स्पष्ट दिसते. इनिएस्तानें आपल्या देशांतील भांडण मिटविलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. कातालुन्याचा प्रश्न त्या गोलानें सुटला नाहीं; २०१७ सालीं तो अधिकच पेटला. मंदीहि त्यानें हटली नाहीं. खेळाडूकडून एवढ्याची अपेक्षा करणें हाच मुळीं अन्याय आहे. त्यानें केलें तें याहून लहान, पण खरें होतें. ज्यांना परस्परांविषयीं चांगलें बोलण्याची संवय राहिली नव्हती, अशा लोकांना एका माणसाविषयीं एकमतानें चांगलें बोलतां आलें. आपल्या संघाचा पराभव डोळ्यांसमोर घडत असतांनाहि पराभव करणाऱ्यासाठीं टाळी वाजवितां येते, आणि तसें केल्यानें आपल्या निष्ठेला मुळींच उणेपणा येत नाहीं, हें एस्पान्योलच्या, माद्रिदच्या आणि सेवियाच्या सामान्य प्रेक्षकांनीं स्वतःच्या हातांनीं दाखवून दिलें. तो मोठेपणा जितका इनिएस्ताचा, तितकाच त्या टाळ्या वाजविणाऱ्या हातांचाहि होता.